कॅरॅव्हॅन ओढायला इस्टेट की हॅचबॅक?

रेडिंगवाली
मंडळी, सल्ला हवाय. तीन उन्हाळे भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात काढले, आता स्वतःची घ्यायची ठरली आहे. पाच जण झोपतील अशी एक सेकंडहँड पाहिली. भरून कमाल वजन, म्हणजे एमटीपीएलएम, 1,300 किलो. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याहून आई येते.

ती ओढायला गाडीही बदलायची आहे. सातव्या पिढीच्या दोन डिझेल फोक्सवॅगन गोल्फ पाहिल्या, एक हॅचबॅक आणि एक इस्टेट, म्हणजे तीच गाडी मागे लांब डिकीची. कागदावर हॅचचं कर्बवेट, म्हणजे प्रवासी-सामान न भरता गाडीचं वजन, 1,350 किलोच्या आसपास, इस्टेटचं 1,400. माझं मन इस्टेटवर आहे. नवऱ्याला हॅच हवी, कारण रोज स्टेशनला तो नेणार आणि आमच्या गल्लीत पार्किंगचे हाल आहेत. लायसन्सचा प्रश्न नाही. 16 डिसेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या कार लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. तर कोणती घ्यावी?

लीड्सकर
इस्टेट. दुसरा विचारही करू नका.

ओढणारी गाडी जड हवी आणि ओढली जाणारी हलकी, बाकी सगळं त्यानंतर. इथले कॅरॅव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात की कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या कर्बवेटच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. हॅचला तुमची 1,300 किलोची कॅरॅव्हॅन लावली तर आकडा 96 टक्क्यांवर जातो, इस्टेटला 93. दोन्ही जास्तच आहेत, पण निदान इस्टेट बरी.

आणि सामान? पाच माणसं बसल्यावर मागची सीट पाडता येत नाही. हॅचची डिकी 380 लिटर, इस्टेटची 605. ऑनिंगची, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या बाजूला जोडायच्या तंबूची पिशवी एकदा उचलून बघा, वीस किलोच्या वर भरते. इस्टेटला डिकीचा उंबरा खाली असतो, पिशवी सरळ आत सरकते. हॅचमध्ये ती मावणार नाही, मग कॅरॅव्हॅनमध्ये जाईल, आणि जी हलकी ठेवायची तीच जड होऊन बसेल.

कार्डिफकर
लीड्सकर, डिकीचं मान्य. पण या गोल्फच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत.

हॅचची लांबी 4,255 मिलिमीटर, इस्टेटची 4,562. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मात्र दोन्हींचं जवळजवळ सारखंच. म्हणजे वाढलेला फूटभर पत्रा सगळा मागच्या चाकाच्या मागे गेला, आणि टो-बारचा गोळा, ज्याला कॅरॅव्हॅन जोडतात, तोही तेवढाच मागे गेला. चाकापासून गोळा जितका लांब तितकी कॅरॅव्हॅनच्या हातात पहार मोठी. ती डावी-उजवीकडे झुकली की त्याच पहारीने गाडीचं ढुंगण हलवते. नोजवेट, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नाकाचा गोळ्यावर पडणारा भार, तोही तिथेच टेकतो, मागचा स्प्रिंग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात.

त्यामुळे सरसकट ‘इस्टेट बरी’ म्हणणं मला पटत नाही. टेप घेऊन जा, मागच्या चाकाच्या मध्यापासून गोळ्यापर्यंत मोजा.

प्रेस्टनकर
माझा अनुभव सांगतो, इस्टेटचाच. एम-6 मोटरवेवर शॅपचा चढ संपवून दक्षिणेला टेबेकडे उतरत होतो. वेग 58, म्हणजे कॅरॅव्हॅनसाठी असलेल्या 60 मैलांच्या मर्यादेच्या आत. उजवीकडून एक डबा लॉरी गेली. आधी तिच्या हवेने कॅरॅव्हॅन ढकलली, मग ओढली, आणि आरशात ती सापासारखी वळवळायला लागली. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. पाय ब्रेककडे निघाला होता. बायको ओरडली, ‘नको!’ आदल्याच दिवशी आम्ही दोघांनी वाचलं होतं की अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, अॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, चाक सरळ धरायचं. तसंच केलं. पाच-सहा हेलकावे बसले असतील, पण ते कमी होत गेले.

टेबेला थांबून पाहिलं. चार सायकली कॅरॅव्हॅनच्या पाठीवरच्या रॅकला, आणि तांदळाची पोती व पाण्याचे कॅन मागच्या बाथरूममध्ये. मागे एवढं वजन म्हटल्यावर नाक हलकं झालं होतं. सायकली गाडीच्या टपावर घेतल्या, पोती कॅरॅव्हॅनच्या मधल्या चाकांवर जमिनीलगत ठेवली. पुढचे 200 मैल तीच गाडी, तीच कॅरॅव्हॅन, आणि काही झालं नाही.

ताई, इस्टेट आणि हॅचच्या वादापेक्षा हे आधी शिका.

लीड्सकर
प्रेस्टनकर, तुम्ही सगळे सुखरूप आलात हे वाचून बरं वाटलं. पण सायकली शेवटी कुठे गेल्या? गाडीवर. इस्टेटला टपावर रेल असतात म्हणून ते चटकन जमलं.

कार्डिफकरांचा फूटभराचा मुद्दा खोटा नाही. पण पहार मोठी असली तरी ती धरणारी गाडीही पन्नास किलोने जड आहे. आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये सटन बँकच्या चढावर कॅरॅव्हॅनला बंदीच आहे, इतका तो उभा आहे. पण बंदी नसलेले चढही काही कमी नाहीत, आणि तिथे गाडीच्या अंगात जोर आणि वजन दोन्ही लागतं.

स्लाउकर
स्कोडा ऑक्टेव्हिया का नाही बघत? चौथ्या पिढीत हॅच आणि इस्टेट दोन्हींची लांबी 4,689 मिलिमीटर, चाकांमधलं अंतर 2,686. डिकी 600 आणि 640 लिटर. भांडणच मिटलं.

लीड्सकर
भांडण कसं मिटलं? हॅचला काच तिरपी उतरते. खोकी एकावर एक रचायची म्हटली की छत लगेच लागतं. लिटर तेवढेच असले तरी वरच्या बाजूला जागा इस्टेटलाच.

कार्डिफकर
ताई, तुमच्या प्रश्नात पाच माणसं आहेत आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. दाराच्या चौकटीजवळ गाडीची प्लेट असते, तिच्यावर चार आकडे. पहिला, भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसरा, गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल. तिसरा आणि चौथा, पुढच्या-मागच्या अॅक्सलवर किती भार चालेल. त्यातला चौथा डोळ्यांत तेल घालून बघा.

समजा गाडी 500 किलो उचलते. ड्रायव्हर बहुतेक कर्बवेटमध्ये धरलेला असतो. उरलेले चौघं मिळून 240, नोजवेट 75, कारण तोही गाडीच्याच खात्यात जातो. उरले 185. आता 605 लिटरची डिकी तुम्ही गच्च भरलीत तर तो सगळा भार मागच्या अॅक्सलवर. मोठी डिकी दिसली की माणूस भरतो. हॅचमध्ये जागाच नसल्यामुळे हात आवरतो.

आणि 85 टक्के हा सल्ला आहे, कायदा नाही. कायदा म्हणजे कंपनीने दिलेली मर्यादा. ती व्ही-5-सीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ओ-1च्या रकान्यात सापडते. पण पहिल्याच वर्षी तो सल्ला मोडू नका.

प्रेस्टनकर
एक राहिलं. आरसे. कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असली की जादा आरसे लावणं सक्तीचं आहे. इस्टेट घ्या नाहीतर हॅच, त्यातून सुटका नाही.

रेडिंगवाली
सगळ्यांचे आभार. शनिवारी दोघं जाऊन आलो. कार्डिफकर, टेप घेऊन गेलो होतो, फूटभराचा फरक डोळ्यांनी पाहिला. नवरा खूश झाला.

मग कॅरॅव्हॅन पाहिली. न्हाणीघरातला वजनकाटा बरोबर नेला होता. काट्यावर लाकडाचा ठोकळा गोळ्याच्या उंचीला उभा केला, त्यावर कॅरॅव्हॅनच्या नाकाची हिच (गोळ्यावर बसणारी जोडणी) टेकवून जॉकी व्हील, म्हणजे पुढचं छोटं टेकूचं चाक, वर घेतलं. पुढच्या लॉकरमध्ये गॅसचे दोन सिलिंडर असताना काटा 84 दाखवत होता. एक काढला तर 72. विकणाऱ्याने आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. कॅरॅव्हॅन रिकामी 1,150 किलो, म्हणजे सामानाला 150. त्यातून बॅटरी आणि कॅरॅव्हॅन जागेवर ढकलायची मोटर वजा केली तर शंभरच्या आतबाहेर उरतात. ती नको म्हणून सांगून आलो.

आता चार जणांची बघतोय, भरून 1,150 किलोची. इस्टेटला ती 82 टक्के बसते, हॅचला 85 ला जेमतेम टेकते. दोन्ही चालण्यासारख्या आहेत म्हटल्यावर डिकीवरच निर्णय केला. इस्टेट घेतोय. गल्लीचं बघू.

कार्डिफकर
कॅरॅव्हॅन लहान केलीत हे फार चांगलं झालं. इस्टेटबद्दल माझं मत बदललेलं नाही. जड सामान सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, दाराशी नको.

लीड्सकर
पण चार जणांच्या कॅरॅव्हॅनमध्ये पाच जण? आईंना कुठे झोपवणार?

रेडिंगवाली
आई आत, पलंगावर. मुलं ऑनिंगमध्ये झोपणार, त्यांनी जागाही वाटून घेतली आहे. ऑनिंग डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून.