'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया': मुंबई बंदराचे पहारेकरी की पांढरे हत्ती?

दर्यावर्दी: १८७० मध्ये टेम्सकाठी बांधलेल्या या दोन चिलखती आगबोटी मुंबई बंदराच्या रक्षणासाठी आल्या. पुढे-मागे एकेक फिरता बुरूज, प्रत्येकात दहा इंची दोन तोफा, शिडांचा पत्ता नाही. पुढची तीस वर्षं काम काय? कधीमधी सरावाला बाहेर जायचं, गोळे टाकायचे, परत येऊन नांगर टाकायचा. १९०३-०४ मध्ये दोन्ही भंगारात. नावं १८६८ च्या हबसाण (ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया) मोहिमेची, आणि त्या मोहिमेतल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगारसुद्धा आपल्याच तिजोरीतून गेला. नुसती मिरवायला आणली होती ही जहाजं.

तांडेल: मिरवायला? जानेवारी १८६४ मध्ये अमेरिकी यादवीतली दक्षिणेच्या बंडखोरांची युद्धनौका 'अलाबामा' थेट मलबार किनाऱ्याला आली आणि 'एमा जेन' हे जहाज जाळून गेली. मुंबईत तेव्हा कापसाची नुसती चंगळ! दोनच वर्षांत बंदरासाठी चिलखती जहाजांची मागणी झाली, त्यात नवल ते काय?

दर्यावर्दी: अहो, अलाबामा भर समुद्रात व्यापारी जहाजं धरायची. तिच्यामागे ही काय धावणार? वेग जेमतेम दहा नॉट, डेक पाण्यापासून मीटरभर वर. मॅग्डालाला तर मुंबई गाठण्यापुरत्या तीन डोलकाठ्या बसवाव्या लागल्या!

कोळंबी_फ्राय: पाठलागासाठी ती बांधलीच नव्हती, हे आधी लक्षात घ्या. ब्रिटिश आरमाराचा जहाजरचनाकार एडवर्ड रीडचा हाच आराखडा मेलबर्न बंदराच्या रक्षक बोटीचा, 'सर्बेरस'चा, आणि 'डेव्हास्टेशन' या बिनशिडाच्या ब्रिटिश युद्धनौकेची बीजंही यातच. जहाजं उत्तम होती. माती केली ती नंतरच्या हेळसांडीने. तोंडातून ठासायच्या तोफा १८९२ पर्यंत तशाच! बाकी जग केव्हाच पुढे गेलं होतं. सर्बेरस निदान १९२६ मध्ये बांध म्हणून बुडवली, सांगाडा अजून दिसतो. आपल्याकडे एक पत्रासुद्धा राहिला नाही.

दर्यावर्दी: हेळसांड झाली तरी बंदराचं काय बिघडलं? १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका 'एम्डेन'ने मद्रासवर तोफा डागल्या. मुंबईत तेव्हा ही जहाजं नव्हती, तरी ती इकडे फिरकली नाही.

तांडेल: मद्रासचंच घ्या की मग! एम्डेनच्या तोफा चार इंची, मॅग्डालाच्या बाजूचं चिलखत सहा ते आठ इंची. असली एखादी बोट तिथे नांगरलेली असती, तर तेलाच्या टाक्या पेटवायला इतक्या जवळ यायची तिची छाती झाली असती का?