‘प्रिंट डिसेबिलिटी’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी-सुविधा पुस्तिकेचे मराठीकरण माझ्याकडे आले आहे. त्यातील एका प्रकरणाचा आशय असा, की ज्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तक नेहमीच्या रीतीने वाचता येत नाही, त्यांना अभ्यासाचे साहित्य ब्रेलमध्ये, ध्वनिरूपात, मोठ्या अक्षरांत किंवा स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या संगणक-प्रणालीला, वाचता येईल अशा फाइलच्या रूपात मिळावे, आणि तेही वर्गातील इतरांच्या हाती पुस्तक पडते त्याच वेळी मिळावे. या विद्यार्थ्यांसाठी मूळ मजकुरात ‘प्रिंट डिसेबिलिटी’ ही संज्ञा आहे आणि साहित्यासाठी ‘अ‍ॅक्सेसिबल’ हे विशेषण आहे. आधीच्या अनुवादकाने त्यांसाठी अनुक्रमे ‘मुद्रण अपंगत्व’ आणि ‘सुलभ’ असे शब्द योजले होते. पहिला शब्द वाचून छापखान्यातले यंत्र बिघडल्याचा भास होतो. दुसरा खटकतो, पण का खटकतो ते मला नेमके सांगता येत नाही. ‘अंध विद्यार्थी’ एवढेच लिहून मोकळे व्हावे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

मी विशेष शिक्षिका आहे आणि आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. ‘अंध विद्यार्थी’ असे लिहिले, की ज्यांच्यासाठी हे प्रकरण आहे त्यांतील कितीतरी मुले दाराबाहेर राहतात. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या रूपातील प्रती काढायला कॉपीराइटमधून सूट देणारा माराकेश करार आहे, आणि ही संज्ञा रूढ होण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पुढाकाराने २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे हा करार संमत झाला, २०१४ च्या जूनमध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अंमलात आला. त्यातील लाभार्थींच्या व्याख्येत तीन गट आहेत. पहिला गट अंध व्यक्तींचा. दुसऱ्या गटात ज्यांचा दृष्टिदोष चष्म्यासारख्या उपायांनी पुरेसा दूर होत नाही अशा अल्पदृष्टी व्यक्ती येतात आणि त्यांच्याबरोबर आकलनाची किंवा वाचनाची अक्षमता असलेल्या, उदाहरणार्थ डिस्लेक्सिया असलेल्या, व्यक्तीही येतात. तिसरा गट अनेकांच्या ध्यानातच येत नाही: ज्यांना शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही किंवा ओळीवर नजर स्थिर ठेवता येत नाही, त्यांचा हा गट. माझ्या वर्गात मेंदूच्या पक्षाघाताचा एक मुलगा होता. त्याची दृष्टी उत्तम होती, बुद्धी तल्लख होती आणि इतिहासाचे पुस्तक मात्र त्याच्यासाठी कायम मिटलेले होते, कारण ते उघडे धरून ठेवायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागत. त्याला आपण ‘अंध’ या शब्दात कसे बसवणार?

‘अपंगत्व’ या शब्दाविषयीही एक खुलासा करते. अशा व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १९९५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग’ हा शब्द होता. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्यानंतर शासकीय मराठीत ‘दिव्यांग’ रुळला, आणि महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. तो शब्द सर्वांनाच आवडतो असे नाही, मलाही तो थोडा ओवाळल्यासारखा वाटतो, परंतु अर्ज भरताना तोच लागतो. म्हणून पुस्तिकेत तो एकदा तरी यावा.

प्रतिसाद २

‘सुलभ’ का खटकतो, याचे उत्तर मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरच आहे. ‘सुलभ व्याकरण’, ‘सुलभ गणित’, ‘सुलभ आवृत्ती’ असे शब्द आपण वाचतो तेव्हा मूळ विषय सोपा करून, बहुधा थोडा कमी करून दिला आहे असेच समजतो. ‘अ‍ॅक्सेसिबल’ साहित्यात असे काही अभिप्रेत नाही. मजकूर तोच, काठिण्यही तेच, गणितातले शेवटचे अवघड उदाहरणसुद्धा तेच. बदलते ते फक्त मजकुरापर्यंत पोहोचण्याचे साधन. अंध विद्यार्थ्याला ‘सुलभ पुस्तक’ दिले असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की त्याला सोपा अभ्यासक्रम दिला. ही नुसती शब्दाची चूक नाही, कारण अशा विद्यार्थ्यांकडून कमी अपेक्षा ठेवण्याची सवय समाजाला आधीच आहे आणि हा शब्द तिला खतपाणी घालतो.

‘सुगम’ हा शब्दही याच वाटेने गेला आहे. ‘सुगम संगीत’ म्हटल्यावर ऐकायला हलके असेच मनात येते. त्यापेक्षा ‘सुगम्य’ बरा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत अभियाना’मुळे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथसंग्रहामुळे तो कानांवर आला आहे. तो हिंदीतून आला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण ‘गम्य’ आपल्याकडे जुनाच आहे. ‘मला त्यात गम्य नाही’ असे आपण बोलतो, आणि ‘बुद्धिगम्य’, ‘इंद्रियगम्य’, ‘अनुमानगम्य’ हे शब्द तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत सर्रास येतात. याच धर्तीवर ब्रेल पुस्तकाला ‘स्पर्शगम्य’ आणि ध्वनिमुद्रित पुस्तकाला ‘श्रवणगम्य’ म्हणता येईल. एक अडचण मात्र मान्य करतो: ‘अगम्य’ म्हणजे न समजणारे, त्यामुळे ‘सुगम्य’ म्हणजे सहज समजणारे असा अर्थ कोणी घेतला तर त्याला पूर्ण चूक म्हणता येणार नाही. तरीही या संदर्भात हा शब्द पारिभाषिक होऊ लागला आहे आणि ‘सुलभ’च्या मानाने त्याच्या अंगावर जुने अर्थ कमी चिकटलेले आहेत.

प्रतिसाद ३

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि गेली अनेक वर्षे स्क्रीन रीडरवर वाचतो. ‘वाचतो’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. ‘तुम्ही पुस्तक ऐकता’ अशी दुरुस्ती करणारे भेटतात, तेव्हा मी त्यांना सांगतो, की ‘वाचन’ हा शब्द ज्या ‘वच्’ धातूपासून आला त्याचा अर्थच बोलणे असा आहे. पोथी एकाने वाचायची आणि घरभराने ऐकायची, हे वाचन आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे.

‘सुगम्य’ या शब्दावर माझा आक्षेप नाही, पण तो शिक्क्यासारखा वापरला जाईल याची भीती आहे. मी पदवीला असताना एका संस्थेने एका विषयाचे पुस्तक ‘दृष्टिहीनांसाठी उपलब्ध’ म्हणून पाठविले. ती पीडीएफ होती आणि मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये, जुळविलेला होता. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसविलेले असतात. डोळ्यांना पानावर शुद्ध मराठी दिसते. स्क्रीन रीडरला मात्र खालची खरी चिन्हे मिळतात आणि तो इंग्रजी अक्षरे, कंस व टक्केवारीच्या खुणा यांचा पाढा म्हणू लागतो. फाइल पोहोचली होती, पुस्तक पोहोचले नव्हते. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून घेईपर्यंत सत्र संपत आले होते.

यात एक गंमत आहे, ती शब्दप्रेमींना आवडेल. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात, आणि जुन्या फॉन्टमध्ये ती टंकित होते तीही आधीच. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठविली जाते. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्येही हाच क्रम आहे: ‘कि’ लिहिताना आधी ‘क’चे ठिपके येतात आणि मग ‘इ’चे. संगणकाला जे उशिरा उमगले, ते आमच्या बोटांना आधीपासून ठाऊक होते.

म्हणून पुस्तिकेत ‘सुगम्य’ या शब्दापाशी न थांबता त्याचा अर्थही लिहावा, अशी विनंती आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. शीर्षके नुसती ठळक न करता शीर्षके म्हणून खूण केलेली असावीत, म्हणजे एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येते. आकृत्यांची वर्णने हवीत, आणि भूगोलासाठी बोटांना कळतील असे उठावाचे नकाशे हवेत. छापील पुस्तकाचे पृष्ठक्रमांकही हवेत, कारण बाई ‘पान बेचाळीस उघडा’ म्हणाल्या की सगळा वर्ग तिथे पोहोचतो आणि मी एकटा मागे शोधत बसतो.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्न ‘प्रिंट डिसेबिलिटी’चा होता, त्याकडे वळतो. ‘मुद्रण अपंगत्व’ चुकते, कारण ‘मुद्रण’ म्हणजे छापण्याची क्रिया. येथे छापून झालेली वस्तू अभिप्रेत आहे, म्हणजे ‘मुद्रित’. ‘मुद्रित-अक्षमता’ व्याकरणाने चालेल, पण त्यातून अर्थ उलगडत नाही.

मला ‘मुद्रितबाधित’ हा शब्द सुचतो. हिंदीतील ‘दृष्टिबाधित’ या शब्दात दृष्टीला बाधा झालेली असते. मराठीत मात्र ‘पूरबाधित’, ‘प्रकल्पबाधित’ अशा शब्दांत पहिले पद बाधा आणणाऱ्या गोष्टीचे असते. पूरबाधित माणसाला आपण त्याच्या दुर्बलतेबद्दल दोष देत नाही. पाणी घरात शिरले, असे म्हणतो. त्याच न्यायाने ‘मुद्रितबाधित विद्यार्थी’ म्हणजे ज्याच्या वाटेत छापील पान आडवे आले तो विद्यार्थी. उणीव पानाकडे जाते. वरच्या प्रतिसादातील पीडीएफचा अनुभव पाहिला, तर तेथे अक्षम कोण होते, वाचक की फाइल?

प्रतिसाद ५

कल्पना सुंदर आहे, पण २०२० नंतर ‘बाधित’ म्हटले की मराठी माणसाला रुग्णालयातील आकडे आठवतात. शिवाय सवलतीचा अर्ज भरणाऱ्या पालकाला ‘मुद्रितबाधित’ कोडे वाटेल. शाळांत ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द पालकांच्या तोंडी बसला आहे, ‘लेखनिक’ तर परीक्षेमुळे घरोघरी पोहोचला आहे. त्यांच्या पंगतीत ‘मुद्रितवाचन अक्षमता’ बसेल.

प्रतिसाद ६, प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. सध्या मसुदा असा केला आहे: “मुद्रितवाचन अक्षमता असलेल्या, म्हणजे अंधत्व, अल्पदृष्टी, डिस्लेक्सिया किंवा शारीरिक दिव्यांगत्व यांमुळे छापील पुस्तक नेहमीच्या रीतीने वाचता न येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नेमलेले अभ्याससाहित्य सुगम्य स्वरूपात, विनामूल्य आणि वर्गातील इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने पुरविण्यात येईल.” ‘मुद्रितबाधित’ सोडताना मन जड झाले, म्हणून प्रस्तावनेत तो एकदा समजावून वापरणार आहे. ‘अनुदेशनात्मक साहित्य’ हा बी.एड.च्या पुस्तकांतला शब्द वगळून ‘अभ्याससाहित्य’ घेतले. आता एकच शंका उरते: ‘सुगम्य आवृत्ती’ म्हणावे की ‘सुगम्य प्रत’?

प्रतिसाद ७

‘प्रत’च म्हणावे. आवृत्ती काढायची तर ती लेखक-प्रकाशकांनी काढायची असते आणि तिच्यात मजकूर बदललेला असू शकतो. येथे मजकूर न बदलता एका वाचकासाठी दुसऱ्या रूपात नक्कल केली जाते. कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग व्यक्तींना वाचता यावे म्हणून कोणालाही सुगम्य स्वरूपातील प्रत तयार करता येते आणि खाजगी वापर, शिक्षण किंवा संशोधन यांसाठी ती त्यांना देता येते. त्यासाठी प्रकाशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. अट एवढीच, की त्यात नफा कमावू नये आणि घ्यायचाच झाला तर निर्मितीचा खर्च तेवढा घ्यावा. पुस्तिकेत हे वाक्य अवश्य घाला, कारण पुस्तक स्कॅन करून देणे बेकायदा ठरेल या समजुतीने अनेक ग्रंथपाल आजही नकार देतात. ज्या हक्काच्या धाकाने ते नकार देतात, त्या ‘प्रताधिकार’ या नावातच ‘प्रत’ बसलेली आहे. तेव्हा त्याला दिलेल्या अपवादातही तोच शब्द शोभेल.