मैदानातल्या जुन्या गाड्या आपल्या पोडियम पार्किंगमध्ये घ्यायच्या का?

ए-304: घोडबंदरला उद्या गारांचा इशारा आहे, आणि समोरच्या मैदानात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा मांडव उभा राहतोय. आमच्या गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचं काय?

बी-702: काकू, त्या काचेच्या नळ्या गारेने फुटतात. आजच पोती टाकून सुतळीने आवळून बांधा. विजा सुरू झाल्यावर गच्चीवर कोणी जायचं नाही. मला जास्त धास्ती मांडवाची आहे. गारांच्या ढगातून थंड हवा धाडकन खाली येते, तो वारा आधी कापड उचलतो आणि मग पाइप. 13 मे 2024 ला अशाच वादळी वाऱ्यात घाटकोपरचं होर्डिंग पडलं, 17 माणसं गेली.

सी-1101: पण जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असतो ना?

बी-702: जाड असला तरी मोठ्या गारेने पोचा पडतो दादा. मग लांबी भरा, रंग मारा, कंपनीचा मूळ रंग गेला तो गेलाच. आणि काच? कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी बंद होऊन किती वर्षं झाली. बाबांच्या गाडीची पुढची काच बसवताना मेकॅनिकने रबराच्या खाचेत सुतळी घातली, साबणाचं पाणी लावलं आणि आतून सुतळी ओढत इंच इंच रबर बसवलं. तशी काच शोधायला किती भंगारवाले पालथे घातले!

खजिनदार: विमा असेल की.

बी-702: नुसता थर्ड पार्टी असेल तर गारपिटीचा एक पैसा मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. आपापल्या पॉलिसीही बघून घ्या. माझं म्हणणं, उद्यापुरतं पोडियमचं व्हिजिटर पार्किंग त्यांना द्यावं.

ए-1204: जुन्या गाड्या, पेट्रोल गळणार, त्यात मुलांची गर्दी. मला हे पटत नाही.

बी-702: ताई, शंका रास्त आहे. दोन्ही बाजूंनी उघडा आहे तेवढाच भाग देऊ. बॅटरीची वायर काढलेली, खाली ट्रे, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर. आणि प्रदर्शन तिथे नको, गाड्या फक्त आसऱ्याला.

ए-1204: बघायला गर्दी येणार नसेल तर हरकत नाही.

सेक्रेटरी: ठीक. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आला की गेट उघडायला सांगतो. आयोजकांना आत्ताच फोन करतो, मांडवाचं कापड आज रात्रीच उतरवा म्हणून. पोडियममध्ये ज्यांच्या सायकली आहेत त्यांनी नऊच्या आत हलवा.