गोवर सगळ्यांनाच यायचा, मग आता दोन-दोन सुया कशाला?

कृष्णाकाठ: काल 'माणदेशी' यांनी लिहिलं, "गोवर आम्हा सगळ्यांना आला, आजीनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं, आठवड्यात खेळायला लागलो. आता दोन-दोन सुया कशाला?" तुम्ही उठलात म्हणून लिहिताय, बापू. वाळवा तालुक्यात माझा चुलतभाऊ गोवरातून उठला, पण एका डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. आजी मरेपर्यंत म्हणायची, देवीचा कोप. आणि दोन सुया अशासाठी की 9व्या महिन्याची पहिली शंभरातल्या साधारण 85 पोरांनाच लागू पडते. उरलेल्यांसाठी 16 ते 24 महिन्यांची दुसरी.

माणदेशी: गोवराचं कौतुक मी केलेलं नाही. राग जबरदस्तीचा आहे. 2018च्या मोहिमेत 9 महिने ते 15 वर्षं सरसकट टोचलं. माझ्या पोरीचे दोन्ही डोस झालेले, कार्ड दाखवलं, तर म्हणे "वरून ऑर्डर आहे". विचारायचंसुद्धा नाही का?

उपकेंद्रवाली: जादा डोसनं काही बिघडत नाही, दादा. बिघडतं ते न मिळालेल्यानं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या फडावर या. बीडकडचं बाळ आठ महिन्यांचं येतं, गाळप संपल्यावर चौदाचं होऊन जातं. आईबाप पहाटेच उसात. खोपीत आठ वर्षांची बहीण त्याला कडेवर घेऊन उभी. कार्ड? "पेटीत, गावाला." लसीची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. दोनच पोरं होती तरी फोडली, तर वाया का घालवली म्हणून बोलणी मलाच. ताप-पुरळ दिसलं की रक्ताचा नमुना पाठवायचा असतो, तर घरचे गोवराला देवी समजून म्हणतात "बाई आलीय, सुई लावू नका".

ऊसवाला_तासगाव: म्हणजे शेवटी खापर उसावर! टोळी आणतो कारखाना, उचल खातो मुकादम, शिव्या शेतकऱ्याला. आधी त्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर लावा. गेल्या साली माझा मेहुणा अंधारात ट्रॉलीवर आदळला, अजून लंगडतोय.

कृष्णाकाठ: धागा गोवराचा आहे, राव.

ऊसवाला_तासगाव: मग फड काढला कुणी? कारखान्यानं ऊस टाकायच्या गव्हाणीपाशीच टोचून घ्यावं, गेटवर काट्याला तासन्तास उभेच असतात.

उपकेंद्रवाली: गेटवर ड्रायव्हर उभा असतो, लेकरू खोपीत. तुम्ही फड कधी आतून बघितलाय का?

ऊसवाला_तासगाव: माझाच फड आहे, बाई! ...बरं. पुढची टोळी उतरली की फोन करतो. चहा माझा, रिफ्लेक्टर तुमचा.

उपकेंद्रवाली: चहा नको, लेकरं एका जागी बसवून ठेवा. आणि माणदेशी दादा, याच सुईनं रुबेलाही टळतो, त्याचं कुणी बोललंच नाही. पोराला नुसतं हलकं पुरळ येतं, पण तेच पोटुशीला पहिल्या तीन महिन्यांत झालं तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं, हृदयातही दोष राहू शकतो. घरात कोण आहे का तशी?

माणदेशी: सून आहे. दुसरा महिना.

नातवाला गुरुवारी आणतो. जबरदस्तीचं माझं म्हणणं तसंच आहे, हे लिहून ठेवा. कार्ड सापडेना, फ्रीजवरच्या डब्यात शोधतोय.