एकच अल्बम सुचवा, आणि तो कुठून ऐकायचा तेही सांगा

साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉक आणि फोकचा विषय निघाला की आपण सगळेच नावांचा भडिमार करतो. डिलन, झेपेलिन, जोनी मिचेल, नील यंग... समोरचा सगळं टिपून घेतो आणि ती यादी तशीच पडून राहते. माझ्या मनात घर करून बसलेले अल्बम असल्या यादीतून आलेले नाहीत. कोणीतरी 'आधी हे गाणं ऐक, मग पुढचं बघू' म्हणालं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले. तेव्हा प्रत्येकाने एकच अल्बम सुचवायचा. तो तुम्हाला कोणी दिला आणि नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी, ते लिहायचं.

सुरुवात मी करते. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ', डिसेंबर १९६९. त्याच वर्षी मे महिन्यात या बँडच्या व्हॅनला भीषण अपघात झाला होता आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल त्यात गेला. उरलेल्यांनी आधीची गाणी बाजूला ठेवली, हँपशरमध्ये एक घर भाड्याने घेतलं आणि जुनी इंग्लिश लोकगीतं विजेच्या गिटारवर बसवायला घेतली. मला हा अल्बम कॉलेजातल्या मैत्रिणीने दिला. मला जोरकस गिटार आवडते हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने पहिलं गाणं सोडून थेट 'मॅटी ग्रोव्ह्ज' लावलं. आठ मिनिटांचं गाणं, ध्रुवपद नाही, कडव्यामागून कडवं. सरदाराची बायको, तिचा तरुण प्रियकर, मग तलवारी. सँडी डेनी खुनाच्या कडव्यातसुद्धा आवाज चढवत नाही. गोष्ट संपते आणि मग रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि डेव्ह स्वारब्रिकचं फिडल असे काही सुसाट सुटतात की गाण्यात दाबून धरलेलं सगळं तिथे बाहेर पडतं. हे आवडलं की 'टॅम लिन' घ्या. बाकीचा अल्बम मग आपोआप ऐकला जातो.

*

मी तबला शिकलोय, त्यामुळे माझी वाट वेगळी. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर (१९६९) 'ब्लॅक माउंटन साइड' नावाची दोन-सव्वादोन मिनिटांची धून आहे. जिमी पेजची अकूस्टिक गिटार आणि विराम जसानींचा तबला, बस. माझा मोठा भाऊ म्हणाला, 'तबला पुरे, आता गिटार कुठून आली ते शोध.' शोधत गेलो तर बर्ट जँश हा गिटारवादक सापडला. त्याच्या 'जॅक ओरायन' (१९६६) या अल्बममध्ये 'ब्लॅकवॉटरसाइड' आहे आणि पेजची धून त्याच घाटाची आहे, हे ऐकताक्षणी कळतं. जँशला ते गाणं अ‍ॅन ब्रिग्जकडून मिळालेलं. ती रेकॉर्डिंगच्या फारशी वाटेला न जाणारी गायिका, पण १९७१ च्या तिच्या अल्बममध्ये ते आहे.

माझी शिफारस 'जॅक ओरायन', पण क्रम असा ठेवा: आधी ब्रिग्ज, मग जँश, शेवटी पेज. गाणारीच्या गळ्यातली वळणं जँशच्या बोटांत कशी उतरली आणि पेजकडे येईस्तोवर शब्द कसे गळून गेले, हे लागोपाठ ऐकताना लख्ख दिसतं. पेजने तारा लावल्यात त्या डी-ए-डी-जी-ए-डी अशा. ही जुळवणी डेव्ही ग्रॅहमने रूढ केली. खालची तार खर्जासारखी वाजत राहते, म्हणून आपल्या कानाला ती चटकन ओळखीची वाटते.

*

जँशचं नाव निघालंच आहे तर त्याचा बँड, पेंटँगल. 'बास्केट ऑफ लाइट', १९६९. सुरुवात 'लाइट फ्लाइट'पासून. ठेका सतत पायाखालून सरकतो, तरी जॅकी मक्शी कशी अलगद गाते बघा. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा फक्त डॅनी थॉम्पसनचा डबल बास ऐका.

*

निक ड्रेक कोणीतरी सांगणार हे नक्की, म्हणून मीच सांगते, आणि एक विनंतीही करते. कोणाला ड्रेक देताना त्याच्या मृत्यूची कथा आधी सांगू नका. तो १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला, जिवंतपणी त्याच्या रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, हे सगळं खरं. पण ते आधी कळलं की माणूस प्रत्येक ओळीत दुःख हुडकत बसतो आणि गिटार छेडणाऱ्या त्याच्या उजव्या हाताकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मावसबहिणीने मला काहीही न सांगता 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९) दिला, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

त्यातलं 'रिव्हर मॅन' ऐका. गिटारवर पाच मात्रांचं आवर्तन अखंड फिरतंय. आवाज मात्र मात्रेवर नेमका पडत नाही, किंचित मागे रेंगाळतो. हॅरी रॉबिन्सनने बांधलेली व्हायोलिनं भरून येतात, तरी गिटार आपली चाल बदलत नाही. गाणं आणि वाजवणं एकाच माणसाचं आहे यावर विश्वास बसत नाही. बहुतेक जण 'पिंक मून'पासून (१९७२) सुरुवात करायला सांगतात. तो अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम, एक आवाज, एक गिटार आणि शीर्षकगीतात पियानोचे मोजके स्वर. माझ्या मते तो शेवटी ऐकावा. आधीचे दोन ऐकलेले असले की त्याने काय काय काढून टाकलं ते कळतं.

*

माझ्याकडे वडिलांनी दिलेली जोडी आहे. सायमन अँड गारफंकल, 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.' (१९६४) आणि 'साउंड्स ऑफ सायलेन्स' (१९६६). नियम एकाच अल्बमचा आहे हे मान्य, पण ही दोन एकत्रच ऐकायची आहेत. 'द साउंड ऑफ सायलेन्स' दोन्हींत आहे आणि गायन तेच आहे. पहिल्यात अकूस्टिक. तो अल्बम पडला. मग निर्माता टॉम विल्सनने १९६५ मध्ये त्याच गायनाखाली विजेची गिटार, बास आणि ड्रम चढवले, दोघा गायकांना न विचारता, आणि जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. याच विल्सनच्या हाताखाली डिलनचा 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' झाला होता. बाबांनी मला दोन्ही लागोपाठ ऐकवली आणि 'कुठलं खरं?' एवढंच विचारलं. फोक आणि रॉक यांत नेमकं काय बदलतं, हे समजावायला याहून सोपा धडा मला माहीत नाही. मला अजूनही पहिलंच आवडतं. बाबांना दुसरं.

*

जोनी मिचेलचं नाव वर आलं, पण अल्बम कोणीच सांगितला नाही. सगळे 'ब्लू' (१९७१) देतात. द्यावाच, मांडीवर घेऊन वाजवलेल्या डल्सिमर या तंतुवाद्यासाठी तरी. मी मात्र 'हेजिरा' (१९७६) सांगेन. ही गाणी बरीचशी अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाकताना सुचलेली आहेत. 'कोयोट' लावा. जॅको पॅस्टोरियसचा बास तिच्या आवाजाखाली न राहता शेजारून बोलत जातो. 'ब्लू' ज्यांना फार हळवा वाटतो त्यांना हा द्या, हमखास लागू पडतो.

*

इंग्लिश लोकगीतं गाणारी शर्ली कॉलिन्स. 'अँथम्स इन ईडन' (१९६९) सगळ्यांना सांगून झालाय, त्याची पहिली बाजू सलग ऐकावी. पण माझी शिफारस 'लोडस्टार', २०१६. मधल्या काळात तिचा गाता गळाच गेला होता. आधीच्या अल्बमनंतर अडतीस वर्षांनी हा आला, तेव्हा ती एक्क्याऐंशीची होती. आवाज खाली उतरलाय, थोडा खरखरतो, आणि शब्द तितकेच स्वच्छ. माझ्या गायनाच्या शिक्षिकेने हा दिला आणि त्यानंतर 'आवाज लागत नाही' ही तक्रार मी तिच्याकडे केलेली नाही.

*

'लीज अँड लीफ' ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. मूळ अल्बम आठ गाण्यांचा. 'क्रेझी मॅन मायकल' संपलं की थांबवा. पुढे निघालेल्या आवृत्तीत जादा गाणी जोडली आहेत. चांगली आहेत, पण वेगळी ऐका. मोबाइल आपणहून पुढचं लावतो आणि शेवट वाया जातो.

*

आयरिश बाजू अगदीच राहिली. प्लँक्स्टी या बँडचा पहिला अल्बम, १९७३. बायकोने लग्नाआधी दिला होता. पहिलंच गाणं लावा, 'रॅगल टॅगल जिप्सी', आणि मध्ये बंद करू नका. गाणं संपतं आणि न थांबता हार्पच्या एका जुन्या धूनमध्ये शिरतं. तिथे लिअम ओ'फ्लिनचे इलन पाइप्स ऐका. हे बॅगपाइपच्याच जातीचं वाद्य, पण तोंडाने फुंकायचं नाही. कोपराखाली भाता असतो, त्याने हवा भरतात. त्यामुळे आवाज मऊ, घरात बसून ऐकण्याजोगा.

आता मला कोणीतरी स्टीलाय स्पॅन या इंग्लिश फोक-रॉक बँडचं सांगा. ड्रमशिवायचा 'प्लीज टू सी द किंग' (१९७१) आधी घेऊ, की 'बिलो द सॉल्ट' (१९७२)?