‘व्हिटल’ला मराठीत काय म्हणायचं: तासणे, कोरणे की सोलणे?

परळची_पाटी (प्रश्न)

मुलांसाठीच्या एका इंग्रजी गोष्टीचं भाषांतर चालू आहे. त्यात ‘व्हिटल’ हे क्रियापद चार वेळा आलंय आणि चारही ठिकाणी वेगळं वाटतंय:

१. द ओल्ड मॅन सॅट ऑन द स्टेप्स, व्हिटलिंग.
२. शी व्हिटल्ड अ व्हिसल फ्रॉम अ ब्रांच.
३. दे व्हिटल्ड द लिस्ट डाउन टू फोर नेम्स.
४. द रेंट व्हिटल्ड अवे हिज सेव्हिंग्ज.

शब्दकोशात ‘चाकूने तासणे, सोलणे, कमी करणे’ एवढंच सापडलं. आधी सगळीकडे ‘कोरणे’ टाकलं होतं. संपादक म्हणतात, कोरणे म्हणजे कार्व्ह, व्हिटल नव्हे. पण फरक नेमका कशात? हत्यारात, आकारात, की करणाऱ्याच्या कौशल्यात? आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तासणे चालेल का?

गिरगाव_कट्टा

संपादकांचं बरोबर आहे. फरक मुख्यतः हत्यारात आहे. व्हिटल म्हटलं की हातात साधा चाकू आणि दुसऱ्या हातात मावेल एवढं लाकूड. ना पटाशी (लाकडाची छिन्नी), ना मोगरी (लाकडी हातोडा), ना लाकूड शिकंज्यात आवळलेलं. पातळ पातळ ढलप्या बाहेरच्या अंगाने काढत जायचं. कार्व्हमध्ये हे सगळं येऊ शकतं आणि बरंच जास्तही: देव्हाऱ्याच्या चौकटीवरची वेलबुट्टी, दगडातली मूर्ती, झालंच तर ताटातल्या भाजलेल्या कोंबडीचे काप. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवुड किपलिंगने योजलेल्या दगडी शिल्पपट्ट्या आहेत ना, त्या ‘कार्व्ह्ड’. त्यांना व्हिटल्ड म्हटलं तर इंग्रजी वाचणारा हसेल, कारण दगड व्हिटल होत नाही.

मराठीत जवळचा शब्द तासणे हाच. बोरू तासतात, शिसपेन्सिल तासतात, विटी तासतात. तिन्ही ठिकाणी छोटी वस्तू, हातातलं पातं आणि थोडं थोडं काढणं आहे, म्हणजे अगदी व्हिटल. (विटीवरून व्हिटल लक्षात ठेवा. व्युत्पत्ती म्हणून बोगस, पण विसरणार नाही.) कोरणे मात्र आत शिरतं. कोरताना खाच पडते, नक्षी उठते, पोकळी होते. नाव कोरतात, लेणी कोरतात, दात कोरतात. आजोबा पायरीवर बसून काठीला आकार देताहेत, तिथे ‘कोरत होते’ लिहिलं की वाचणारा काठीवर नक्षी शोधायला लागतो.

अडचण एकच. तासणे हत्याराबद्दल गप्प आहे. सुतार वाकसानेही (आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीनेही) तासतो, रंध्यानेही तासतो, आणि साहेब कारकुनाला तोंडानेही तासतो. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘चाकूने’ घाला, पुढे नुसतं तासणे पुरतं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत ‘ही सॅट व्हिटलिंग’ हे कर्माशिवाय चालतं, मराठीत ‘आजोबा तासत बसले होते’ म्हटलं की ‘काय?’ असा प्रश्न येतो. कर्म द्या: ‘आजोबा पायरीवर चाकूने एक काटकी तासत बसले होते.’ गोष्टीत त्यातून पुढे काहीच घडत नसेल, म्हातारा नुसताच वेळ काढत असेल, तर ‘हातातल्या काटकीशी चाकूने चाळा चालला होता’ हे जास्त खरं. इंग्रजीत या शब्दाला तो रिकामपणाचा वास आहेच.

आता लाक्षणिक अर्थ. तिथे तासणे सोडून द्या, मराठी कानाला ‘यादी तासली’ हे लाकडी लागतं.

व्हिटल डाउनमध्ये यादी, अर्ज, खर्च असं काहीतरी फेरीफेरीने कमी करत एका आकड्यावर आणलेलं असतं. बहुतेक वेळा मुद्दाम, आणि शेवट हवासा. ‘नावं गाळत गाळत चारवर आणली.’ यात ‘गाळत गाळत’ महत्त्वाचं, कारण नुसतं ‘चार नावं निवडली’ म्हटलं की टप्पे हरवतात. शॉर्टलिस्टशी गल्लत इथेच होते. शॉर्टलिस्ट एका बैठकीतही होते, व्हिटल डाउनला तीन-चार चाळण्या लागतात.

व्हिटल अवेचं तसं नाही. तिथे वस्तू कमी होत जाते ती नकोशी, आणि बहुतेक वेळा लक्षात न येता. शिल्लक, हक्क, आघाडी, आत्मविश्वास. याला ‘कुरतडणे’: ‘भाड्याने त्याची शिल्लक कुरतडून टाकली.’ ‘पोखरणे’ आतून असतं, त्यामुळे संस्था किंवा नातं असेल तर ते घ्या.

एक फसगत टाळा. एका दिवसात पाचशेतली दोनशे माणसं काढली तर ते व्हिटल नव्हे, तिथे कट किंवा स्लॅश. व्हिटलला वेळ लागतो.

पटाशी_आणि_मोगरी

वरचं भाषेच्या बाजूने पक्कं आहे. मी हत्याराच्या बाजूने भर घालतो, कारण भाषांतरात चुका बहुतेक तिथे होतात. ‘चिझलने व्हिटल केलं’ असं वाक्य दिसलं तर मूळ वाक्य पुन्हा वाचा.

मुंबईच्या सुतारकामात लाकडाची छिन्नी म्हणजे पटाशी. दगड-लोखंडाची ती छिन्नी. कुऱ्हाडीने किंवा वाकसाने ओंडका चौरस करणं हे इंग्रजीत ह्यू. रंध्याने सफाई म्हणजे प्लेन. चरकावर फिरवून भोवरा करणं म्हणजे टर्न, आपल्याकडे कातणे, आणि करणारा कातारी. भोवरा व्हिटल करता येत नाही असं नाही, पण तो गरगर न फिरता डगमगेल. लाकडी चमचा मधोमध लटकतो: दांडा साध्या चाकूने होतो, पण वाटी खोलगट करायला वाकड्या पात्याचा चाकू लागतो, म्हणून कुणी व्हिटल म्हणतं, कुणी कार्व्ह. दोन्ही चालतं.

विटीचं उदाहरण निघालंच आहे तर ती चाकूने कशी होते ते पाहा, म्हणजे क्रियापद हातात बसेल.

विटी चार इंच लांब, साधारण एक इंच जाड. पण काठी चार इंचांची घ्यायची नाही, आठ-नऊ इंचांची घ्यायची. उरलेला भाग ही मूठ. आधी एका टोकापासून इंचभर आत खूण करायची आणि तिथून टोकाकडे पातं चालवायचं. दरवेळी पोस्टकार्डाएवढी पातळ ढलपी, मग काठी थोडी फिरवायची, पुन्हा ढलपी. सात-आठ वेळा फिरवली की एक फेरी होते. पहिल्याच फटक्यात जाड लचका काढायला गेलात तर पातं लाकडाच्या रेषेत (तंतूंच्या ओळीत) घुसतं आणि चीर मधल्या भागापर्यंत पळते. विटी गेली.

दिशा नेहमी जाडीकडून बारीक टोकाकडे. उलट, टोकाकडून मध्याकडे पातं नेलं की ते रेषांच्या खाली शिरतं आणि ढलपी निघायच्या ऐवजी उखडते. ही एकच चूक नव्वद टक्के लाकडं वाया घालवते (आकडा माझा, अंदाजपंचे). टोक सुईसारखं नको. ते पहिल्याच टोल्याला तुटतं आणि डोळ्यालाही धोका, गोलसर बोथट ठेवा. एक बाजू झाली की चार इंचांवर करवतीने कापा आणि दुसरं टोक शेवटी करा. या दुसऱ्या टोकाला धरायला जागा कमी असते, म्हणून हात कापतो तो बहुतेक इथेच.

चाकू पक्क्या मुठीचा, पातं दोन इंचांच्या आसपास. स्वयंपाकघरातली लांब सुरी वाकते आणि दाब भलतीकडे जातो. खाचा पाडलेलं पातं असलेला कागद कापायचा कटर तर नकोच, बाजूने जोर आला की तुकडा उडतो. कुलूप नसलेला घडीचा चाकूही नको, तो बोटांवर मिटतो. धार कागदावर तपासा: कडेवरून खाली सरळ कापत गेला पाहिजे, फाडत नाही. अर्ध्या तासाने जुन्या चामडी पट्ट्याच्या मागच्या बाजूवर पॉलिशची पेस्ट लावून वीस-तीस वेळा पातं मागे ओढा, धारेच्या विरुद्ध कधी नाही. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, जोर लागला की घसरतो, आणि घसरला की थांबवता येत नाही.

लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्याने ढकलणं हा सर्वात काबूतला काप. त्या हाताला चाकूने कापला न जाणारा हातमोजा असू दे, पण टोचण्यापासून तो वाचवत नाही. आणि काम दोन मांड्यांच्या मधे करू नका. मांडीच्या आतल्या अंगाला मोठी रक्तवाहिनी आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कोपर टेकवून करा.

लाकूड: पांगारा सर्वात सोपा, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना तोच वापरतात. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनही चालतं, मात्र गाठी टाळा आणि खिळे बघून घ्या. रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत, तिथे तुकडे मागून पाहा. सागवान सरळ रेषेचं असूनही नवशिक्यासाठी नाही, त्यातली वाळूसारखी सिलिका धार खाते. ओली फांदी लोण्यासारखी कापली जाते, पण वाळताना टोकांना भेगा पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळू वाळवा. जून-जुलैत मुंबईत वाळण्याऐवजी बुरशीच येईल. कण्हेरीची फांदी मुलांच्या हातात कधीच देऊ नका, विषारी आहे.

परळची_पाटी

दोघांचे आभार. संपादकांना कट्ट्यावरचा कोरणे-तासणेचा फरक पाठवला, लगेच पटला. एक शंका उरली. ‘व्हिटल’ लिहायचं की ‘विटल’? आणि हे जेट इंजिनवाल्या फ्रँक व्हिटल यांच्या आडनावाशी जोडलेलं आहे का?

शब्दांच्या_मागे

उच्चारात आपला ‘व्ह’ नाही, ओठ गोल करून ‘व’: विट्ल. ट आणि ल यांच्यात स्वर नाही, अमेरिकन माणूस बोलला तर ‘विडल’ ऐकू येतं. लिहिताना मात्र ‘व्हिटल’ रूढ आहे, तेच ठेवा. त्यात एक घोळ होतो. व्हिक्च्युअल्स असं दिसणारा अन्नधान्याचा जुना इंग्रजी शब्द ‘व्हिटल्स’ असा उच्चारतात, आणि देवनागरीत तो हुबेहूब याच्यासारखा दिसतो. गोष्टीत जुना खलाशी ‘व्हिटल्स’ मागत असेल तर त्याला जेवण हवंय, काठी नव्हे.

मूळ चाकूतच आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ्विटन’सारखं क्रियापद होतं, कापणे-सोलणे या अर्थाचं. त्यावरून ‘थ्विटल’ म्हणजे चाकू. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात शेफिल्डचा थ्विटल मोज्यात खोचलेला गिरणीवाला भेटतो. पुढे ‘थ’ गळाला, आणि चाकूच्या नावावरून चाकूने तासण्याचं क्रियापद झालं. म्हणून या शब्दातून चाकू काढता येत नाही, तो त्याच्या नावातच बसलाय. पेननाइफ म्हणजेही मुळात पिसाची लेखणी तासायचा छोटा चाकू.

जेट इंजिनवाले व्हिटल वेगळे. ते आडनाव गावाच्या नावावरून आलेलं आहे.

गिरगाव_कट्टा

रूपं विचारली नाहीत, पण प्रूफ तपासताना लागतील: व्हिटल, व्हिटल्ड, व्हिटलिंग. शेवटचं ई गळतं, टी आधीच दोन आहेत, आणखी घालायचे नाहीत. ‘व्हिटल ॲट अ स्टिक’ आलं तर काठी पूर्ण करायची घाई नाही, नुसतं खरवडणं चाललंय. तिथे ‘काठी खरवडत होता’ घ्या.

पटाशी_आणि_मोगरी

दुसऱ्या वाक्याबद्दल. फांदीची शिट्टी तासून कमी, साल काढून जास्त होते. ओल्या फांदीला भोवताली एक काप घेतात, साल ठोकून सैल करतात, नळीसारखी ओढून काढतात, आतल्या लाकडात खाच पाडतात आणि हवेला वाट म्हणून वरचा कडेचा भाग चपटा तासतात, मग साल पुन्हा चढवतात. साल कोरडी असेल तर फाटते, म्हणून फांदी त्याच दिवशीची लागते. ‘तासून तासून शिट्टी केली’ लिहिलंत तर तिच्याकडे शिट्टी उरणार नाही, टूथपिक उरेल. ‘तिने ओल्या फांदीची शिट्टी केली’ एवढं पुरे. चाकू पुढच्या वाक्यात येतच असेल.