हंस गेला, रानमाणूस राहिला: योउत्सेनोच्या चिन्हात प्रतीक आहे तरी काय?

शिक्केवाला: फिनलंडच्या आग्नेयेला, साइमा सरोवराकाठी योउत्सेनो नावाची नगरपालिका होती. १ जानेवारी २००९ ला ती शेजारच्या लापेनरांतात विलीन झाली. त्या एका दिवसात देशातल्या पालिका ४१५ च्या ३४८ झाल्या, त्यात हीही गेली. तिच्या चिन्हावर हंस. का? तर फिनिशमध्ये 'योउत्सेन' म्हणजे हंस. संपलं! वाघोलीच्या पाटीवर वाघ काढायचा आणि त्याला प्रतीक म्हणायचं? गावात कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना आहे. त्याची चिमणी काढली असती तर निदान खरं तरी वाटलं असतं.

नीरक्षीर: हंस म्हणजे विवेक हो! दूध वेगळं, पाणी वेगळं.

पाणकोंबडी: ती आपली गोष्ट, तिकडे कशाला नेता? त्यांच्या 'कालेवाला' या महाकाव्यात हंस मृत्युलोकाच्या नदीवर पोहतो आणि त्याला मारायला गेलेला वीर लेम्मिन्काइनेन स्वतःच मरतो.

शिक्केवाले, नावावरून चित्र काढणं ही ढालीवर काढायच्या अशा चिन्हांतली जुनीच रीत. फ्रेंच लोक त्यांना 'बोलकी चिन्हं' म्हणतात. शिवाय १९५० च्या सुमारास शिकारीपायी फिनलंडमध्ये या हंसाच्या जेमतेम १५ जोड्या उरल्या होत्या. तेव्हा तो काही तळ्यातळ्यात दिसणारा पक्षी नव्हता.

शिक्केवाला: आणि राष्ट्रीय पक्षी झाला १९८१ ला. ते सगळं पुण्य या गावाच्या खात्यावर कशाला? विलीन म्हणजे विलीन. एका शहराला एक चिन्ह पुरे.

पाणकोंबडी: कुठलं चिन्ह, ते तरी बघा! लापेनरांताच्या ढालीवर सोटा घेतलेला रानमाणूस आहे. कारण शहराचं स्वीडिश नाव विल्मानस्ट्रांड, रानमाणसाचा किनारा. म्हणजे हाही तुमचा वाघोलीचा वाघच. फक्त ही कोटी स्वीडिशमध्ये, आणि तिथे बहुतेक सगळे बोलतात फिनिश. फिनिश नावात तो माणूस औषधालाही सापडत नाही. योउत्सेनोतल्या पोराला मात्र पाटी वाचता आली की चित्र कळायचं. बोलकं चिन्ह पुसलं आणि मुकं ठेवलं, एवढंच माझं म्हणणं.

शिक्केवाला: कोटी मुकी, हे मान्य. पण शहर १६४९ चं आहे. इतक्या वर्षांत माणूस ढालीला चिकटतोच.

नीरक्षीर: म्हणजे दूध-पाणी कुठेच नाही?

पाणकोंबडी: पाणी आहे. दुधाच्या जागी लगदा.